बर्गेकाकांचा उलटा हात

बर्गेकाका कोणत्याही वस्तूला आधी उलटा हात लावत. दाराची कडी असो, नळ असो, फ्रीजचं हँडल असो, बसच्या दारातला दांडा असो. उजव्या हाताची बोटं जराशी आत वळवायची, त्यांची मागची बाजू वस्तूला क्षणभर टेकवायची, थांबायचं, आणि मगच ती वस्तू मुठीत धरायची. हे इतकं झटकन होई की नवख्या माणसाच्या लक्षात येत नसे. एकदा लक्षात आलं की मात्र दुसरं काही दिसत नसे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते जुलैतल्या एका दुपारी, आर. के. पुरममधल्या सरकारी क्वार्टरच्या दारात. क्वार्टर बर्गेकाकूंच्या नावावर होतं, त्या एका मंत्रालयात नोकरीला होत्या. काका फौजेच्या वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. माझ्या हातात विद्यापीठाचा एक फॉर्म होता. त्यावर दिल्लीत राहणाऱ्या 'लोकल गार्डियन'ची सही लागत होती आणि दिल्लीत मी कुणालाच ओळखत नव्हते. आमचं गाव उदगीरच्या पलीकडं. वडील ग्रामपंचायतीत पाणी सोडण्याच्या कामावर, व्हॉल्व्हची लांब किल्ली खांद्यावर टाकून सकाळ-संध्याकाळ गल्लोगल्ली फिरणारे. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. गावातले एक जवान काकांच्या हाताखाली होते, त्यांची चिठ्ठी घेऊन मी आले होते.

काकांनी चिठ्ठी वाचली, फॉर्म वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि मी कुठं राहते ते विचारलं. मी म्हणाले, मुनिरकाला खोली घेतली आहे, बरोबर गढवालची एक मुलगी आहे, मीनू नावाची.

"खोलीत कूलर आहे?"

आहे, घरमालकाचा, असं मी सांगितलं. मला वाटलं ते माझ्या सोयीची चौकशी करताहेत.

"मग सही नंतर," ते म्हणाले. "आधी कूलर बघू."

त्यांच्या स्कूटरवर मागं बसून मी माझ्याच खोलीवर परत आले. तेव्हाची मुनिरका मला अजून डोळ्यांसमोर दिसते. दर घरावर एक मजला चढत होता, खाली म्हशी आणि वर भाडेकरू. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या गच्च्यांवरून लोक एकमेकांना चहा देत. त्या फटीतून विजेच्या तारांचे पुंजके लोंबत आणि प्रत्येक खिडकीतून एक लोखंडी कूलर गल्लीवर ओणवा झालेला असे. काका गल्लीच्या तोंडाशी थांबले. मान वर करून त्यांनी शेवटच्या खिडकीपर्यंत नजर नेली. साप दिसल्यावर बदलतो तसा त्यांचा चेहरा बदलला.

खोलीत आल्यावर त्यांनी खिशातून टेस्टर काढला, तोच, पारदर्शक मुठीत छोटा दिवा असलेला स्क्रू ड्रायव्हर. कूलरच्या पत्र्याला त्याचं टोक टेकवलं. मुठीतला दिवा तांबूस, मंद पेटला.

"बघ," ते मला म्हणाले. "करंट निजलाय. मेलेला नाही."

घरमालक चौधरीजी दारात येऊन उभे होते. ते हसले. दहा वर्षं हाच कूलर चालतोय, आजवर कुणाला काही झालेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. काका त्यांच्याकडं वळले आणि शांतपणे म्हणाले, "चौधरीजी, जिसको होता है, वो बताने नहीं आता."

"क्यूं बच्चियों को डरावे है, फौजी?"

काकांनी प्लग ओढून काढला, वायर गुंडाळून ती कूलरच्या डोक्यावर ठेवली, आणि खाली जाऊन स्कूटरच्या सीटवर फॉर्म ठेवून सही केली. अट एकच होती. हा कूलर चालू करायचा नाही. मी "हो काका" म्हणाले. मी सगळ्यांनाच हो म्हणत असे. नाही कसं म्हणायचं हे मला येत नव्हतं. थोड्याशा ओळखीवर कुणी आपल्यासाठी एवढं करतंय तर त्याला नाही म्हणणं मला उद्धटपणाचं वाटे.

तो पावसाळा आणि हिवाळा मी दर रविवारी त्यांच्याकडं जेवायला जात होते. काकूंच्या हातची भाकरी हे एक कारण. दुसरं म्हणजे तिथं मराठी बोलायला मिळे, निम्मं हिंदी मिसळलेलं का असेना. काका बोलत कमी. बोलले तर विजेबद्दल बोलत, आणि तेही ती घरातली कुणी नातेवाईक असल्यासारखं. "ती पाहुणी आहे. दार उघडं दिसलं की आत येते, विचारत नाही." किंवा, "तिला माणसाचं वावडं नाही, माणसाला तिचं आहे." उलट्या हाताचं मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी माझा हात टेबलावर ठेवून मूठ मिटवून दाखवली. करंट बसला की हात असा मिटतो, म्हणाले. तळहात लावला असेल तर तो वस्तूला धरूनच मिटतो, मग सुटत नाही. मागची बाजू लावली असेल तर मिटताना हात लांब जातो. "म्हणून उलटा हात पुढं, सरळ हात खिशात. समझी क्या?"

मी वडिलांचं काम सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पाणी सोडणाऱ्याची पोर तू. तुला पाण्याची भीती नसणार." आणि थांबून, "ती असू दे जराशी."

एप्रिलमध्ये दिल्ली तापायला लागली. खोलीच्या भिंतींना दुपारी पाठ टेकवता येईना, पांघरुणं ओली करून झोपावं तर अर्ध्या तासात कोरडी. परीक्षा जवळ आली होती. कूलर बंद ठेवायचं वचन पाळणं मीनूला वेडेपणाचं वाटत होतं आणि खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं होतं. त्याच सुमारास एका सकाळी काका आले. स्कूटरवर पायांशी मोटारीची जुनी बॅटरी, खांद्याला पिशवी.

पिशवीतून जी वस्तू निघाली ती माझ्या मुठीत मावेल एवढी होती. मोटारीच्या समोरच्या काचेवर पाणी उडवणारा पंप, बारा व्होल्टचा. मायापुरीच्या भंगार बाजारातून काका असे पंप शोधून आणत, उघडून साफ करत आणि पुन्हा जोडत. आमच्या खिडकीत त्यांनी लाकडी चौकट बसवली, तिच्यावर वाळ्याची ताटी. ताटीच्या डोक्यावर सलाईनची नळी, तिला तापल्या सुईनं पाडलेली भोकं. खाली चौधरींच्या कूलरचा फक्त पत्र्याचा ट्रे, त्यात पाणी आणि पाण्यात तो पंप. पंप पाणी वर ढकले, ते ताटीवरून झिरपत ट्रेमध्ये उतरे आणि पुन्हा वर जाई. तेच पाणी दिवसभर फिरत राही. आमचा टेबलफॅन पाण्यापासून दोन हात लांब, लाकडी स्टुलावर, बाहेरची हवा ओल्या ताटीतून आत ओढायला.

"याला दमा आहे," काका पंपावर बोट टेकवून म्हणाले. "काचेवर दोन पिचकाऱ्या मारायला जन्मलेला जीव हा. पाच मिनिटं पळव, दहा मिनिटं बसव. सतत पळवलास तर जळेल."

मग मी आणि मीनू तसाच अभ्यास करू लागलो. पाच मिनिटं पंपाची बारीक गुणगुण, मग बटण बंद, दहा मिनिटं फक्त थेंबांचा आवाज. घड्याळ मधे ठेवून आम्ही पाळी लावली होती. खोलीत गावाकडच्या माजघरासारखा गारवा आणि वाळ्याचा वास आला. चार-पाच दिवसांत बॅटरी उतरे. काका दर पाचव्या दिवशी भरलेली बॅटरी घेऊन येत आणि उतरलेली घेऊन जात. नियम एकच सांगितला होता. पंपाची तार बॅटरीशिवाय दुसऱ्या कशालाही जोडायची नाही.

मीनूनं विचारलं होतं की बाजारात एलिमिनेटर मिळतात, भिंतीत लावायचे, टेपरेकॉर्डरसाठी वापरतात तसले, पण मोठे. त्यातूनही बाराच व्होल्ट येतात. काकांनी मान हलवली आणि मराठीतच बोलले, मीनूला कळो न कळो: "पंपाकडं बघू नका. पंपाच्या मागं बघा. पुढं बारा आहे, मागं काय उभं आहे?"

येताना-जाताना ते गल्लीतल्या कूलरांकडं बघत. एकदा बॅटरी खाली ठेवून ते म्हणाले, "या गल्लीत यंदा एक जाणार." इतक्या सहज, जसं कुणी पाऊस लांबणार म्हणेल. मला त्यांचा राग आला. आमच्याकडं असं बोलणाऱ्याला दारात उभं करत नाहीत. रविवारी मी काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या पोळपाटावरून नजर न उचलता म्हणाल्या, "मी तर रोज सांगते, शुभ बोला की जरा."

मेच्या पहिल्या आठवड्यात चौधरींची म्हैस मेली. कुणाच्या तरी कूलरची वायर जिन्याच्या लोखंडी कठड्याला घासून सोलली होती, खाली टाकीचं पाणी सांडलेलं. म्हैस कठड्याला अंग घासायला गेली आणि जागच्या जागी गुडघ्यांवर बसली. आम्ही वरून पाहत होतो. तिनं आवाजही काढला नाही. चौधरीजी दिवसभर सगळ्यांना सांगत होते, लू लागली होती बिचारीला, उन्हाचा तडाखा. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी गुपचूप माणूस बोलावून कठड्यापासची वायर बदलून घेतली.

मला, खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं. एक जाणार होतं, ते गेलं. काका आले तेव्हा मी त्यांना तसं म्हणालेसुद्धा. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "ते तसं नसतं, पोरी. म्हशीनं निरोप आणलाय फक्त."

काकूंनी मला ती गोष्ट सांगितली ती त्यानंतरच्या रविवारी. काका मायापुरीला गेले होते. भिंतीवर एका मुलीचा फोटो होता, दोन वेण्या, कॉलेजचं ओळखपत्र काढायला काढतात तसला. मी तो वर्षभर पाहत होते आणि विचारायचं धाडस झालं नव्हतं. त्या दिवशी काकूच बोलल्या. शुभांगी, त्यांची एकुलती एक. तेव्हा ते पंजाबातल्या एका छावणीत होते. फौजेत दर दोन-तीन वर्षांनी बदली, दर बदलीला नवं क्वार्टर आणि दर क्वार्टरात भिंतीतली भोकं वेगळी. सामान तेच, कूलर तोच, प्लग तीन पिनांचा. त्या क्वार्टरात भिंतीत दोनच भोकं होती. काकांनी प्लग कापला, दोन पिनांचा लावला, आणि तिसरी तार, जी जमिनीत जाते आणि माणसाला वाचवते ती, दुमडून आत खोचून ठेवली. रविवारी बोर्ड बदलतो, म्हणाले. सगळी छावणी तसंच करत असे.

"शुक्रवारी शुभा न्हाऊन आली," काकू म्हणाल्या. "केस ओले, पाय ओले. कूलरमध्ये पाणी घालायला गेली. एकोणीस वर्षांची होती. कॉलेजात नुकती घातलेली. आमच्यात पहिलीच." त्यांनी परातीतलं पीठ एका बाजूला ओढलं. "हे फौजेतले इलेक्ट्रिशियन. लोकांच्या घरी हेच जात वायर जोडायला."

पहिल्या दिवशी त्यांनी सही का थांबवली ते मला तेव्हा कळलं. फॉर्मवर माझं वय लिहिलेलं होतं. शिक्षण लिहिलेलं होतं. त्याखाली छापलेलं होतं, 'मी या विद्यार्थिनीची जबाबदारी घेत आहे.'

पुढच्या आठवड्यात काका आले नाहीत. काकूंची नोकरी त्या महिन्याअखेर संपत होती, क्वार्टर सोडावं लागणार होतं. नोएडात एका सोसायटीत त्यांनी फ्लॅट घेतला होता, त्याचा ताबा मिळत होता आणि काका रोज तिकडं जात होते. आमची बॅटरी बसली. पंप दोनदा घरघरला आणि गप्प झाला. ताटी सुकून कडक झाली. त्या दिवशी इतकी लू होती की पुस्तकाची पानं हाताला गरम लागत होती, आणि चार दिवसांवर पेपर.

संध्याकाळी मीनू बाजारातून एलिमिनेटर घेऊन आली. काळा डबा, एका बाजूला दोन पिनांचा प्लग, दुसऱ्या बाजूला दोन तारा. "बारह वोल्ट ही तो है यार," ती म्हणाली. "अंकल को कौन बताएगा?" मी नको म्हणायला हवं होतं. मी डब्यावरचा कागद वाचला. त्यावर खरंच बारा व्होल्ट लिहिलेलं होतं. मी म्हणाले, काका येईपर्यंतच. मीनूनं तारा जोडल्या, पंप गुणगुणला, आणि खोली पुन्हा गार झाली. तीन दिवस काहीही झालं नाही. त्या तीन दिवसांत मला काकांची भीती थोडी हास्यास्पदही वाटली.

तिसऱ्या दिवशी मी पीसीओवरून त्यांना फोन केला, सामान हलवायला मदत हवी का विचारायला. त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, "बॅटरी टिकतेय ना गं? मला यायला जमलं नाही."

"हो काका," मी म्हणाले. "टिकतेय."

हे वाक्य मी इतक्या वेळा आठवलंय की आता ते माझ्या आवाजात ऐकू येत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी कुर्त्याला इस्त्री करायला भिंतीतला एलिमिनेटर काढला. इस्त्री झाली, तो परत लावला. दोन सारख्या पिना, वर-खाली काही नाही, कशाही बसतात. पंप आधीसारखाच गुणगुणला. ट्रेमधलं पाणी कमी झालं होतं. मीनू अंघोळीला गेली होती. मी बादली आणली, जमिनीवर थोडं पाणी सांडलं, अनवाणीच होते. एका हातात मग घेतला आणि दुसरा हात ट्रेच्या काठावर टेकवायला म्हणून वाकले.

"थांब."

काका दारात होते. भरलेली बॅटरी त्यांनी उंबऱ्यावर ठेवली होती. त्यांची नजर ट्रेपासून तारेवरून भिंतीपर्यंत गेली. मी थांबले, पण वाकलेलीच. पुढं जे झालं ते सांगायला जेवढा वेळ लागतोय त्याहून कमी वेळात झालं. ते आत आले, डाव्या हातानं माझा खांदा मागं सारला आणि उजवा हात ट्रेकडं नेला. उलटा. फट् असा बारीक आवाज झाला. त्यांचा हात कुणीतरी लाथाडल्यासारखा मागं उडाला, पाठ दाराच्या चौकटीवर आदळली, आणि ते चौकटीला धरून हळूहळू खाली बसले.

पंप तसाच गुणगुणत होता.

"बटण नको," ते म्हणाले. आवाज अगदी सपाट. "पिन ओढ. आधी हात पूस. चप्पल घाल."

मी ओढणीला हात पुसले, चप्पल घातली, पिन ओढली. मग ते मला शेजारी बस म्हणाले. उजवा हात मांडीवर पालथा ठेवून त्यांनी डाव्या हातानं खुणावून तो काळा डबा उघडायला सांगितला, स्क्रू मी काढले. आत तांब्याच्या तारेचं एक वेटोळं होतं.

"एकच आहे," ते म्हणाले. "दोन हवीत. एक भिंतीकडचं, एक आपल्याकडचं, आणि दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही. यानं तार वाचवायला एकाच वेटोळ्यातून बारा काढलेत." माझ्या नोट्सची वही शेजारी पडली होती. तिच्या मागच्या पानावर त्यांनी डाव्या हातानं, वेडीवाकडी, आधी दोन वेटोळी काढली आणि खाली एक. पिना एका बाजूनं बसल्या तर काही होत नाही, दुसऱ्या बाजूनं बसल्या तर सगळं पाणी भिंतीतल्या दोनशेवीसला बांधलं जातं, पंपाला मात्र त्यातलं काही कळत नाही, तो बारावरच गुणगुणत राहतो. हे सगळं त्यांनी मला वर्गात शिकवावं तसं शिकवलं.

तोवर मीनू येऊन दारात रडत उभी होती. तिला त्यांनी चहा करायला पाठवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "काल फोनवर तू टिकतेय म्हणालीस."

मी मान खाली घातली.

"पोरी, नाही म्हणायला शिक. नाही म्हटल्यानं कुणी मरत नाही."

मी त्यांना दवाखान्यात चला म्हणाले. ते म्हणाले, उतरेल. हाताला मुंग्या होत्या, बोटं नीट मिटत नव्हती. तशाच हातानं त्यांनी भरलेली बॅटरी जोडली, पंप चालवून दाखवला, एलिमिनेटर फोडून पिशवीत टाकला. जाताना गल्लीत ते थांबले नाहीत, वर कूलरांकडंही पाहिलं नाही. मला ते सगळ्यात वाईट वाटलं.

माझे पेपर झाले. त्या सकाळनंतर अकराव्या दिवशी दुपारी चौधरींच्या घरी माझ्यासाठी फोन आला. नोएडाच्या त्या नव्या इमारतीत लिफ्ट अजून चालू झाली नव्हती. काका चौथ्या मजल्यावर बॅटरी घेऊन चढत होते, नव्या घराच्या बाल्कनीत तसलाच पंप बसवायला. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी बॅटरी नीट खाली ठेवली, कठड्याला हात लावला आणि बसले. शेजाऱ्यांनी डॉक्टरांना आणेपर्यंत संपलं होतं. हृदय, डॉक्टर म्हणाले. वय, ऊन, जिने, वजन. मी नंतर आमच्या विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं, अकरा दिवसांपूर्वीच्या शॉकनं असं होऊ शकतं का. त्यांनी बराच वेळ पेन फिरवलं आणि म्हणाले, सांगता येत नाही. हो म्हणता येत नाही आणि नाही म्हणता येत नाही.

अंत्यसंस्काराला मी लांब उभी होते. काकूंना भेटले ती तेराव्यानंतर. बसनं नोएडाला गेले. शेवटच्या थांब्यापासून पुढं रस्त्याला झाड नव्हतं, दोन्ही बाजूंना सिमेंटचे सांगाडे आणि त्यांच्यावर इमारतींच्या नावांच्या पाट्या, जिथं अजून कुणी राहत नव्हतं. चार मजले चढले. तिसऱ्या वळणावर मला थांबावं लागलं. काकूंच्या घरात खोके तसेच बांधलेले होते, शुभांगीचा फोटो भिंतीला टेकवून जमिनीवर. बाल्कनीत लाकडी चौकट उभी होती, ताटी न लावलेली.

मी ठरवून गेले होते, सगळं सांगितलं. एलिमिनेटर आणू दिला ते, फोनवर खोटं बोलले ते, इस्त्रीनंतर पिन माझ्याच हातानं बसवली ते. म्हणाले, त्यांना सवय होती म्हणून त्यांनी हात लावला, टेस्टर काढला असता तर कदाचित आज ते असते.



"टेस्टर खिशातच होता," काकू म्हणाल्या. "घरी आल्यावर मी विचारलं त्यांना. खिशात होता तर हात कशाला घातलात? म्हणाले, पोरगी वाकली होती. टेस्टर काढायला वेळ नव्हता, मधे हात घालण्यापुरताच होता." त्या थांबल्या. "आणि काय म्हणाले माहितीय? म्हणाले, या वेळी मी वेळेवर पोचलो. रात्री शांत झोपले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

काकूंनी हात पुढं केला. बोटं आत वळलेली, मागची बाजू माझ्या गालाला क्षणभर टेकवली, थांबल्या. त्या घरात सगळ्यांनाच ती सवय लागली होती. मग त्यांनी हात सरळ केला आणि तळवा गालावर ठेवला.